वजावटीचा मुहूर्त

नांदेडकडं एखादं बरं लग्न असलं आणि माईकवर रेणुकादास सर नसले, तर पाहुण्यांना आपण चुकीच्या मंगल कार्यालयात शिरलो की काय अशी शंका येते. सर म्हणजे रेणुकादास उमरीकर, वय सहासष्ट, राहणार तरोडा. उभा जन्म कंधारच्या एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवण्यात गेला. शाळा यंदा अनुदानावर येणार, पुढल्या साली नक्की येणार, असं म्हणता म्हणता सर निवृत्त झाले आणि शाळा होती तिथंच राहिली. पेन्शनच्या नावानं शून्य. निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि संस्थाचालकांनी सरांचं ऋण कधीच फिटणार नाही असं जाहीर केलं. ते त्यांनी खरोखरच फेडलं नाही.

आता साठीनंतर माणसानं खावं काय? सरांपाशी भांडवल एकच, आवाज. तो त्यांनी लग्नाच्या बाजारात उतरवला आणि बघता बघता धंदा जमला. मंगलाष्टकं भटजींनी म्हणायची. सरांचं काम वेगळं. आमच्याकडं लग्नाला आलेल्या माणसाचं नाव माईकवर घेतलं गेलं नाही तर त्याला जेवण जात नाही. म्हणून दारातून कोण येतंय यावर एक डोळा ठेवायचा आणि तो खुर्चीवर टेकायच्या आत त्याचं नाव विशेषणासकट मांडवभर पोचवायचं. दहा एकरांच्या वर जमीन असली की प्रगतिशील शेतकरी. पन्नाशी आली तरी काहीच करत नसला की युवा उद्योजक. निवडणुकीत आपटला असला की जनतेच्या मनातला उमेदवार. एकदा उमरीला एका माजी सरपंचाचं नाव राहून गेलं, तर त्यांची सगळी भावकी भरल्या पंगतीतून उठली. तेव्हापासून सर ज्याला ओळखत नाहीत त्यालाही ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून टाकतात. आजवर एकानंही तक्रार केलेली नाही.

या आवाजावर घर चाललं. कोणी फोनवरून पैसे टाकी, कोणी पाकीट देई, आणि शाल तर प्रत्येक जण देई. इतक्या शाली झाल्या की चंद्रप्रभाबाईंनी कूलरला, मिक्सरला, शिलाई मशीनला एकेक शाल पांघरली. घरातल्या सगळ्या यंत्रांचा सत्कार झाला होता.

चंद्रप्रभाबाई म्हणजे सरांची बायको. बोलणं कमी, कारण घरात बोलायला एक जण पुरेसा होता. त्यांचं दुखणं म्हणजे गुडघे. दोन्ही वाट्या झिजलेल्या. जमिनीवर बसणं सुटलं, मग देवळाच्या पायऱ्या सुटल्या, मग जिना सुटला. मेथी निवडायची तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदला म्हणून सांगितलं, तो खर्च ऐकून सरांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या आलोकनं, म्हणजे मुलानं, आईवडिलांच्या नावानं आरोग्य विमा काढला. अट एवढीच की गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांनंतरच विम्यात बसणार. बाईंनी मान डोलावली आणि दोन वर्षं दुखणं गिळत बसल्या. येत्या एप्रिलात ती मुदत भरणार होती. लग्नसराई संपली की जूनमध्ये लातूरला जाऊन ऑपरेशन करायचं, असं ठरलेलं होतं.

आणि मग दिवाळी आली.

आलोक, त्याची बायको मालविका आणि पोरं नांदेडला आली होती. शेजारचे एक बँकेतले गृहस्थ फराळाला आले आणि कर कसा वाचवावा यावर आलोकचं डोकं खाऊ लागले. आलोकनं चिवडा खात खात सांगितलं की आईवडिलांच्या विम्याचा हप्ता भरला, तर पन्नास हजारांपर्यंत वजावट घेता येते. वर हसून म्हणाला, "काका, आईवडील असणं फायद्याचं असतं." सगळे हसले. सरही हसले, कारण हसण्याच्या ठिकाणी हसायची त्यांना व्यावसायिक सवय होती.

पण ते वाक्य त्यांच्या पोटात करंजीसारखं फुगून बसलं. पाहुणे गेले, पोरं गेली, तरी उतरेना. म्हणजे आपण कोण? आपण मुलाच्या हिशोबातली वजावट? अख्खा जिल्हा ज्याच्या तोंडून आपली विशेषणं ऐकायला कान देऊन बसतो, त्याचं स्वतःचं विशेषण काय, तर अवलंबित! सर वाईट माणूस नव्हते. पण कमावणाऱ्या माणसाला म्हातारपणी मानाची भूक लागते आणि ती फराळानं भागत नाही. त्यांनी मनाशी ठरवलं की यापुढं आपल्या विम्याचा हप्ता आपण भरायचा आणि वजावटही आपणच घ्यायची.

वजिराबादला गुरुलिंग म्हणून एक तरुण कर सल्लागार आहे. मूळचा उदगीरचा, सरांनीच त्याच्या लग्नात त्याला अर्थतज्ज्ञ केलं होतं. सर त्याच्याकडं गेले. गुरुलिंगनं सरांची कमाई विचारली, दोन मिनिटं यंत्रावर बोटं चालवली आणि आनंदानं सांगितलं की नव्या करपद्धतीत तुम्हाला एक पैसाही कर लागत नाही. त्याला वाटलं, सर पेढे देतील. सरांचा चेहरा पडला.

"मग वजावट?" सरांनी विचारलं.

गुरुलिंगनं समजावलं की नव्या पद्धतीत ही वजावटच नाही, आणि मुळात कर नसेल तर वजा कशातून करणार. सर म्हणाले, जुनी पद्धत कुठं गेली? गुरुलिंग म्हणाला, आहे, पण जुन्यात गेलात तर वजावट घेऊनही वीसेक हजार कर बसेल. शिवाय धंदेवाल्याला त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा जुनी धरून सोडली की पुन्हा जन्मात धरता येत नाही. सर म्हणाले, "धरा." वर असंही सांगितलं की पाकिटातली कमाईसुद्धा सगळी लिहा, एक पाकीट सोडू नका. गुरुलिंगनं पेन खाली ठेवलं. उत्पन्न वाढवून लिहा म्हणणारा माणूस त्याच्या कचेरीत आजवर आला नव्हता. सरांची तब्येत बरी आहे ना, असं त्यानं फार आदरानं विचारून पाहिलं.

तर अशा रीतीनं शून्य कर भरणारा माणूस वजावट मिळावी म्हणून वीस हजार कर भरायला तयार झाला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इज्जतीच्या पायऱ्या तो धावत चढतो.

फेब्रुवारीत सरांनी आलोकला फोन लावला आणि आमची नावं तुझ्या विम्यातून काढ म्हणून हुकूम सोडला. आलोक गोंधळला. एप्रिलात मुदत भरते आहे, आईचं ऑपरेशन होऊ द्या, मग बघू, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. पण सर तेव्हा ऐकायच्या नव्हे, ऐकवायच्या मनःस्थितीत होते.

"माझ्या नावावर वजावट घ्यायला मी अजून जिवंत आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत स्वयंपाकघरात चंद्रप्रभाबाई खुर्चीत बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेंगा फोडत राहिल्या.

नवा विमा काढायचं काम व्यंकटीकडं गेलं. व्यंकटी हा सरांचा कंधारच्या शाळेतला विद्यार्थी, आता विमा एजंट. वजावट याच वर्षी हवी तर हप्ता एकतीस मार्चच्या आत भरला पाहिजे, हे गुरुलिंगनं सांगून ठेवलेलं. पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे सरांचा सुगीचा काळ. आज देगलूर, उद्या निलंगा, परवा अहमदपूर. व्यंकटी गाठायला येई तेव्हा सर मांडवात, आणि सर मोकळे होत तेव्हा व्यंकटी झोपलेला. असं करता करता एकतीस मार्च उजाडला आणि व्यंकटीनं सरांना उदगीरच्या एका लग्नात, स्टेजवरच गाठलं.

मुहूर्त बारा एकतीसचा होता आणि एक वाजून गेला होता. नवरदेव रस्त्यात मित्रांसोबत नाचत होता. आमच्याकडचा मुहूर्त हा पत्रिकेची शोभा असतो. तो आणि लग्न यांच्यामधली पोकळी भरून काढण्याचेच सरांना पैसे मिळत. सर माईकवर एका प्रगतिशील शेतकऱ्याचं स्वागत करत होते. व्यंकटी कानाशी वाकला.

"सर, जुनी पॉलिसी हिकडं वळवून घेता येतीय. पण त्याला दीड म्हयना आधी अर्ज लागतोय. आता टाइम न्हाई."

"आपल्यात उपस्थित झालेले आहेत युवा उद्योजक..." सर म्हणाले आणि व्यंकटीला हातानं पुढं बोल अशी खूण केली.

"नवीन काढली तर काढता येतीय. पर मंग मॅडमच्या गुडघ्याचे दोन वर्ष पुन्यांदा पयल्यापासून मोजतील, सर. इच्यार करा. म्हयनाभर थांबा, फुडल्या साली वजावट घ्या."

सरांनी माईकवर हात ठेवला. त्यांच्या कानात शिरलं होतं ते एवढंच, की थांबा. "व्यंकटी," ते म्हणाले, "मुहूर्त टळल्यावर काय उपयोग?" आणि त्याच्या फोनवर दाबायचं ते दाबून, आलेला ओटीपी सांगून, हप्ता भरून ते एका ज्येष्ठ मार्गदर्शकाकडं वळले. सहा वर्षांत शेकडो लग्नांचे मुहूर्त टळलेले ज्या माणसानं पाहिले, आणि तरी सगळे संसार सुखानं चालू आहेत हे ज्याला माहीत होतं, त्यानं जन्मात एकदाच मुहूर्त पाळला तो हा.

एप्रिलात सरांच्या पत्त्यावर नव्या विम्याची कागदं आली, दोघांच्या नावाची कार्डं आली. सरांनी ती पाकिटात पुढच्या कप्प्यात ठेवली, आणि आल्यागेल्याला सांगू लागले की आमच्या आजारपणाची जिम्मेदारी आम्ही स्वतः घेतलेली आहे. चंद्रप्रभाबाईंनी फक्त एकदाच विचारलं, की यात माझे गुडघे बसतेत ना? सर म्हणाले, दोन वर्षं तर आपली झालीच की. नोकरी बदलली म्हणून जुनी सेवा थोडीच बुडते, असा त्यांचा हिशोब होता. ज्या शाळेनं त्यांची सगळी सेवा बुडवली, तिथं आयुष्य काढलेल्या माणसाचा हा हिशोब. बाई बरं म्हणाल्या.

जूनमध्ये दोघं लातूरला गेले. दवाखाना हाडांचा, मोठा, चकचकीत. आलोक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. चंद्रप्रभाबाईंना चाकाच्या खुर्चीत भिंतीशी बसवून सर विम्याच्या खिडकीशी गेले. तिथं पुनम नावाची एक मुलगी होती. सरांनी कार्ड ठेवलं आणि मांडवातल्या आवाजात सांगितलं की विमा माझा स्वतःचा आहे, हप्ता मी स्वतः भरतो. पुनमनं आदरानं ऐकून घेतलं, यंत्रात पाहिलं, कुठंतरी फोन केला. मग खालच्या आवाजात म्हणाली की सर, हा विमा एप्रिलात सुरू झालाय, गुडघे बदलायचे तर याला अजून जवळजवळ दोन वर्षं थांबावं लागेल.

सरांनी जुन्या दोन वर्षांचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, तो विमा वळवून घेतला असता तर ती धरली असती. हा नवा आहे. खर्च खिशातून करणार असाल तर तसं लिहून द्या, ऑपरेशन उद्याच होईल. सरांनी खर्च विचारला. तिनं सांगितला. सरांनी उगीचच विचारलं की मग एवढ्या खर्चाची तरी करात वजावट मिळते का. शेजारच्या टेबलावरचा हिशोबनीस जाणता होता. तो म्हणाला, साठीच्या पुढच्या माणसाला औषधपाण्याच्या खर्चाची मिळते, पन्नास हजारांपर्यंत, पण त्याचा आरोग्य विमा नसेल तरच. तुमचा तर आहे.

म्हणजे विमा नवा म्हणून ऑपरेशन बसत नव्हतं आणि विमा आहे म्हणून वजावट बसत नव्हती. एरवी सरांनी या गोष्टीवर मांडवभर हशा पिकवला असता. आता त्यांनी कार्ड उचलून पाकिटात ठेवलं. बायकोनं दोन वर्षं एकेक महिना मोजत काढली होती, आणि आपण ती एका वाक्याच्या रागापायी उदगीरच्या मांडवात उधळून आलो, हे त्यांना आता कुठं नीट दिसलं.

ते बायकोच्या खुर्चीसमोर बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. व्यंकटीनं बजावलं होतं हेही सांगितलं. विशेषण एकही लावलं नाही. "माझ्यामुळं झालं," ते म्हणाले. "दोन वर्षं पुन्हा थांबावं लागतंय तुला."

चंद्रप्रभाबाईंनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. मधे एकदाही तोडलं नाही, कारण एवढं खरं ते किती वर्षांत बोलले नव्हते. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली, आतला रुमाल सोडला आणि एक कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे दाखवा," त्या म्हणाल्या.

कार्ड आलोकच्या विम्याचं होतं. वर दोन नावं होती आणि पहिलं नाव रेणुकादास उमरीकर असं होतं.

"तुम्ही फोनवर आलोकला बोलून राहिले होते, त्याच सांजेला मी त्याला फोन लावला. म्हटलं, बाबा काय म्हणायचे ते म्हणू दे, तू नाव काढू नको. दोघाचं बी."

"मला सांगितलं कामून नाही?"

"तुम्ही ऐकून घेत होते का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची इज्जत मोठी हे, मी कुठं नाही म्हणते. पण गुडघे माझे हेत."

सरांना हायसं वाटलं आणि लाजही वाटली. त्या दोन्हींत मोठं काय होतं ते त्यांना ठरवता आलं नाही. ते उठले आणि खिडकीशी जाऊन दुसरं कार्ड ठेवलं. पुनमनं पाहिलं, हे चालतंय म्हणाली. हप्ता भरणारा कोण, असं तिनं विचारलं तेव्हा सरांनी मुलाचं नाव सांगितलं. तेही माईकशिवाय, एकदाच.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आलोक आला, चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी बाप-लेक दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा घेत होते. सरांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि कसं बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "यंदा वजावट तूच घे बाबा. पूर्ण घे. माझं काही म्हणणं नाही."

"कसली वजावट?" आलोकनं विचारलं.

"विम्याची. आमच्या. पन्नास हजारांची."

आलोक हसला. "बाबा, मी तीन वर्षं झाली नव्या पद्धतीत हे. त्यात ही वजावटच नाही. मी एक रुपया बी घेतला नाही कधी."

सरांनी कप खाली ठेवला. "दिवाळीत तू म्हणालास ते?"

"ते तर काकांना सांगून राहिलो होतो. ते जुन्यात हेत म्हणून."

"मग तू हप्ता कशासाठी भरतोस?"

आलोकनं बापाकडं पाहिलं. प्रश्न त्याला खरंच कळला नव्हता. "म्हणजे काय, कशासाठी?" तो म्हणाला. "आईवडील हेत म्हणून."

कोणी केलेलाच नव्हता असा अपमान सरांनी दिवाळीपासून जूनपर्यंत पोटात सांभाळला होता. त्यापायी नवा विमा काढला होता, जुनी करपद्धत धरली होती, बायकोच्या गुडघ्यांवर पाणी सोडलं होतं. आणि पोरगं समोर बसून बिस्कीट चहात बुडवत होतं. त्यांना तिथंच त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. फिरवला मात्र नाही. चहाचे पैसे तेवढे घाईघाईनं त्यांनी दिले.

जुलैत रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा सर वजिराबादला गेले. गुरुलिंगनं जुन्या पद्धतीचा फॉर्म तयार ठेवला होता, पाकिटांची सगळी कमाई लिहून ठेवली होती. अजून दाखल केलेला नव्हता. त्यानं शेवटचं म्हणून पुन्हा एकदा हात जोडून सांगितलं, की सर, नवी पद्धत घ्या, कमाई सगळी खरी लिहूनही कर शून्य येतो.

"नवीच घ्या," सर म्हणाले.

गुरुलिंगला आपलं ऐकलं गेल्याचा इतका धक्का बसला की तो उलट्या बाजूनं बोलू लागला. त्यानं आठवण करून दिली की मग व्यंकटीकडं भरलेल्या हप्त्याची वजावट जाईल, आणि मुलाचा विमा असताना हा दुसरा पुढं चालू तरी ठेवणार आहात का.

"ठेवणार आहे. माझा हप्ता मी भरणार."

"वजावट नसताना? कशासाठी, सर?"

"बायको आहे माझी," रेणुकादास सर म्हणाले.

गुरुलिंगला त्याचा आणि कराचा काही संबंध लागला नाही. त्यानं नवी पद्धत निवडली, कराच्या रकान्यात शून्य आलं आणि त्यानं बटण दाबलं.